दोन वर्षांची फायनान्सची पदवी : गल्ला सोडून की गल्ल्यावर बसून?

बी.कॉम.चा निकाल लागला की आपल्या व्यापारी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला पुढे शिकवावे की दुकानावर बसवावे? अलीकडे या प्रश्नाला नवे रूप आले आहे. मुलगा म्हणतो, "मला दोन वर्षांचे फायनान्स करायचे आहे." बापाला फायनान्स म्हणजे नेमके काय ते माहीत नसते, मुलालाही पुरते माहीत नसते. कोणी एम.बी.ए. म्हणतो, कोणी एम.एम.एस., कोणी एम.कॉम. मग शेजारच्याचा मुलगा काय करतो ते पाहून निर्णय होतो. पाच रुपयांचा माल घेताना दहा दुकाने फिरणारा आपला व्यापारी मुलाच्या दोन वर्षांचा आणि काही लाखांचा सौदा मात्र डोळे मिटून करतो. हे बरे नव्हे. म्हणून आज या पानावर याच विषयाचा हिशेब मांडावा असे आम्ही ठरविले आहे. उदाहरण आम्ही माहुलचे घेतले आहे. पण कुर्ला, गोवंडी, घाटकोपर, अंधेरी येथील वाचकांनाही ते तितकेच लागू पडेल.

माहुलचा धंदा आणि त्याचे कागद

माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९५४ साली येथे एस्सोची रिफायनरी सुरू झाली आणि १९५५ साली बर्मा शेलची. पुढे सरकारने दोन्ही ताब्यात घेतल्या. आज त्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी चालतात. शेजारी ट्रॉम्बेला खत कारखाना आणि टाटांचे वीज केंद्र. या मोठ्या कारखान्यांच्या सावलीत शेकडो लहान धंदे उभे राहिले. टँकर दुरुस्ती, वेल्डिंग, फॅब्रिकेशन, टायर, बॅटरी, रंगकाम, पाइप बसविणे, कामगार पुरविणे, चहा-नाश्ता. या धंद्यांत आपले बांधव फार जुन्या काळापासून आहेत. हात कसबी आहेत, मेहनतीला कोणी कमी नाही. पण बहुतेक जण मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालचे पोट-ठेकेदार म्हणूनच आयुष्य काढतात. वेल्डिंग आपला माणूस करतो, बिल दुसऱ्याच्या नावाने जाते.

असे का होते? कसब कमी पडते म्हणून नव्हे. कागद कमी पडतात म्हणून. मोठ्या कंपनीकडे थेट काम मागायचे तर मागील वर्षांचे ताळेबंद लागतात, विवरणपत्रे लागतात, उलाढालीचा दाखला लागतो, कोटेशन खर्चाच्या तपशिलासह द्यावे लागते. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे सरकारी कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावा असे बंधन आहे. आधी तो वीस टक्के होता, २०१८ साली पंचवीस टक्के झाला. त्यातील तीन टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला टेंडरची अनामत रक्कम भरण्यातूनही सूट आहे. म्हणजे दार उघडे आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्यांपैकी किती जणांचे हिशेब त्या दारातून आत नेण्याजोगे आहेत?

फायनान्सच्या शिक्षणाचा विचार येथून सुरू केला पाहिजे. मुलाच्या नावापुढे चार अक्षरे लागावीत यासाठी नव्हे, तर आपल्या धंद्यात जी जागा रिकामी आहे ती भरून निघावी यासाठी.

नफा दिसतो, पैसा दिसत नाही

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका वेल्डिंग ठेकेदाराने जून महिन्यात दहा लाखांचे देखभालीचे काम केले. अठरा टक्के जीएसटी धरून बिल झाले अकरा लाख ऐंशी हजारांचे. हे पैसे समजा सप्टेंबरमध्ये मिळणार. परंतु दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटी बिलाच्या तारखेप्रमाणे भरावा लागतो, म्हणजे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. खरेदीवर दिलेला कर वजा जाऊन जी रक्कम उरते ती सरकारला जुलैतच गेली पाहिजे. तिकडे वेल्डरची मजुरी आठवड्याला द्यावी लागते. लोखंडाचा व्यापारी फार तर महिनाभर थांबतो. म्हणजे वहीत नफा आहे आणि खिशात पैसा नाही. मग बायकोचे दागिने गहाण पडतात किंवा सावकाराचे दार गाठले जाते.

यालाच खेळते भांडवल म्हणतात. महिन्याचा खर्च तीन लाख, उधारीवर माल एक महिन्याचा, आणि बिलाचे पैसे तीन महिन्यांनी येणार, तर मधल्या दोन महिन्यांसाठी सुमारे सहा लाख रुपये स्वतःचे असले पाहिजेत. काम घेण्यापूर्वी हा हिशेब ज्याने केला तो तरला. काम घेतल्यानंतर ज्याला हा हिशेब समजला तो कर्जात बुडाला. आमच्या आजोबांच्या पेढीवर रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज लिहिणारा मुनीम हे सारे ओळखून असे. आज मुनीम गेले. त्यांच्या जागी महिन्याला एकदा पिशवीभर पावत्या घेऊन जाणारा बाहेरचा हिशेबनीस आला. तो कर भरतो, पण धंदा कोठे गळतो आहे हे तो सांगत नाही. ते त्याचे कामही नाही.

घरातील एक माणूस या विद्येत तयार झाला तर काय होईल? पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले नाही तर आपल्याला खरेदीवरील कराचे श्रेय मिळत नाही, हे तो वेळीच पाहील. उद्यम नोंदणी करून घेईल. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला फी लागत नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघुउद्योगाचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, हे तो बिलावरच छापून देईल. मात्र हे संरक्षण माल तयार करणाऱ्यास आणि सेवा देणाऱ्यास आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, ती केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. हा फरकही तो जाणेल. दुकानदाराला आणि कारागिराला एकच नियम सांगणाऱ्या अर्धवट सल्लागारापासून घर वाचेल.

दोन वर्षांचे म्हणजे कोणते?

आता अभ्यासक्रमांकडे वळू. दोन वर्षे म्हणून जे सांगितले जाते त्यात चार निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पहिली, बारावीनंतरची दोन वर्षे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या अभ्यासक्रमातून दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येते. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. पुढे तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुरी करण्याचीही मुभा आहे. ही सोय चांगली आहे, पण ती अडचणीत सापडलेल्यासाठी आहे. घरात आजारपण आले, बाप गेला, दुकान सांभाळावे लागले, तर झालेले शिक्षण वाया जाऊ नये म्हणून. सुरुवातीपासूनच दोन वर्षांत बाहेर पडायचे असे ठरवून प्रवेश घेऊ नये. पदविका म्हणजे पदवी नव्हे. पुढच्या बहुतेक दारांवर पदवीच विचारतात.

दुसरी, एम.कॉम. बी.कॉम. नंतर दोन वर्षे, चार सत्रे. चेंबूरपासून दक्षिण मुंबईपर्यंत अनेक महाविद्यालयांत ती आहे. शिवाय मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून घरबसल्याही करता येते. खर्च त्या मानाने फार थोडा.

तिसरी, एम.एम.एस. किंवा एम.बी.ए. फायनान्स हा विषय घेऊन. ही पूर्णवेळ पदवी. त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवीला सर्वसाधारण प्रवर्गासाठी ५० टक्के व राज्यातील राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. माहुलच्या मुलाला जवळचे म्हणजे चेंबूरचे विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचे व्यवस्थापन संस्थान. आपल्या समाजाच्या संस्थांत १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे सीएसएमटीसमोरील अल्लाना व्यवस्थापन संस्थान आहे. याच विषयाची पी.जी.डी.एम. ही पदविकाही असते. ती विद्यापीठाची पदवी नसून संस्थेची पदविका असते. तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

चौथी गोष्ट पदवी नाही, पण दोन वर्षांचीच आहे, आणि आमच्या मते आपल्या लोकांनी तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले आहे. ती म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीतील उमेदवारी. सी.ए.च्या अभ्यासक्रमात पूर्वी ती तीन वर्षांची असे, २०२३ च्या नव्या योजनेप्रमाणे दोन वर्षांची झाली. बी.कॉम.ला ५५ टक्के गुण असलेल्यास फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवता येते. परीक्षा कठीण आहे, हे खरे. परंतु उमेदवारीत फी भरावी लागत नाही, उलट थोडे का होईना विद्यावेतन मिळते. आणि दोन वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासून जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही.

सौदा म्हणून हिशेब

आता पूर्णवेळ एम.एम.एस.चा हिशेब एखादे यंत्र विकत घेताना करतो तसा करून पाहू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत.

समजा, दोन वर्षांची फी चार लाख. मुलगा दुकानावर किंवा नोकरीत महिना पंधरा हजारांचे काम करीत होता, ते चोवीस महिने बुडाले. म्हणजे तीन लाख साठ हजार. एकूण गुंतवणूक सात लाख साठ हजार. पदवीनंतर त्याला बी.कॉम.वाल्यापेक्षा महिना दहा हजार जास्त मिळाले, तर वर्षाला एक लाख वीस हजार. म्हणजे लावलेले भांडवल परत येण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागला. महिना पंचवीस हजार जास्त मिळाले तर अडीच वर्षांत वसूल. आणि काहीच जास्त मिळाले नाही तर? सात लाख साठ हजार गेले.

तेव्हा सारा प्रश्न एका ठिकाणी येऊन थांबतो. या महाविद्यालयातून मागील वर्षी बाहेर पडलेल्या मुलांना प्रत्यक्षात काय मिळाले? माहितीपुस्तकात सर्वांत मोठा पगार छापलेला असतो. आपण मधल्या मुलाचा पगार विचारावा. किती जण परीक्षेला बसले, किती जणांना नोकरी लागली, कोणत्या कामावर लागली? फायनान्स शिकलेल्या मुलाला दारोदार कर्जे आणि विमा विकण्याचे काम मिळत असेल तर ती फायनान्सची नोकरी नव्हे. महाविद्यालय उत्तर देत नसेल तर दरवाज्यावर उभे राहून दुसऱ्या वर्षाच्या चार मुलांना विचारावे. बाजारात माल पारखताना आपण कोणाची भीड धरीत नाही, येथे तरी का धरावी?

प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळून नावाजलेल्या संस्थेत जागा मिळत असेल तर अवश्य पाठवावे. १९६५ सालापासून चाललेल्या जमनालाल बजाजसारख्या संस्थेत मुलाचा नंबर लागला तर बापाने दुकान थोडे चालवून घ्यावे, पण मुलाला अडवू नये. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले होते की देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या पन्नासांत एकच मुस्लिम आढळतो. अशी जागा मिळत असताना सोडणे हा शहाणपणा नव्हे. परंतु गुण कमी म्हणून व्यवस्थापन कोट्यातून भरमसाट पैसे भरून मिळेल तेथे घुसविणे, हा सौदा आमच्या हिशेबात बसत नाही.

गल्ल्यावर बसून

मग बाकीच्या मुलांनी काय करावे? ज्याच्या घरी चालता धंदा आहे अशा सरासरी गुणांच्या मुलासाठी आमचा सल्ला स्पष्ट आहे. धंदा सोडू नये आणि शिक्षणही सोडू नये. सकाळी महाविद्यालय किंवा दूरशिक्षणातून एम.कॉम., आणि दिवसा दुकान. सोबत संगणकावर हिशेब ठेवण्याचा लहान अभ्यासक्रम करावा. वर्गात शिकलेला प्रत्येक धडा त्याच आठवड्यात घरच्या वहीवर लावून पाहावा. घसारा शिकला तर आपल्या वेल्डिंग मशीनचा घसारा काढावा. परिव्यय शिकला तर एका गेटची खरी किंमत किती पडते ते मांडावे. लोखंड आणि मजुरी तर सगळेच धरतात, वीज, भाडे, गॅस, वाया गेलेले तुकडे आणि स्वतःची मजुरी कोण धरतो? अनेक कारागीर वर्षानुवर्षे तोट्यात माल विकतात आणि बरकत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. दोष नशिबाचा नसतो, कोटेशनचा असतो.

या मार्गाचा आणखी एक फायदा आहे. वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी असलेल्यास परीक्षा उत्तीर्ण होऊन जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. एका मोहल्ल्यात असा एक विश्वासू मुलगा तयार झाला तर पन्नास दुकानांचे काम होईल आणि त्याचीही हलाल रोजी उभी राहील.

दूरशिक्षणात एक धोका मात्र आहे. हजेरी नाही, म्हणून अभ्यासही नाही. पुस्तके पलंगाखाली आणि परीक्षेच्या आधी गाइड, असे होणार असेल तर दोन वर्षांनी हाती फक्त कागद येईल. बापाने दर महिन्याला एक प्रश्न विचारावा: "या महिन्यात आपल्या धंद्याबद्दल तुला नवीन काय कळले?" उत्तर आले नाही तर समजावे की शिक्षण चाललेले नाही.

मुलींचा विचार वेगळा आहे

आतापर्यंत आम्ही मुलगा मुलगा म्हणत आलो. परंतु वाणिज्य शाखेच्या निकालांत आपल्या मुली पुढे असतात, हे आपण सर्व पाहतो. आणि पुढे शिकविण्याची वेळ आली की पहिली त्यांचीच नावे गळतात.

मुलीच्या बाबतीत वरचा हिशेब बदलतो. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. एम.एम.एस. हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. आपल्यातील मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, कुरेशी इत्यादी बिरादऱ्या राज्याच्या इतर मागास यादीत आहेत. ज्या यादीत नाहीत त्यांना अटी पुऱ्या करून आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळू शकतो. म्हणजे हजारो घरांतील मुलींना ही सवलत लागू आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्याला, खाजगी व अभिमत विद्यापीठांना ती नाही. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला हे कागद निकालानंतर धावपळ करून मिळत नाहीत. ते शेवटच्या वर्षाला असतानाच तयार ठेवावेत. मुलांनाही निम्म्या फीच्या सवलती आहेत, त्यांची चौकशी महाडीबीटीवर करावी.

फी माफ झाली की मुलीच्या सौद्यात उरतो तो प्रवासखर्च आणि घरच्यांची परवानगी. माहुलहून चेंबूर काही परदेशात नाही. आणि शिकलेली मुलगी नोकरी करो अथवा न करो, ज्या घरात ती राहील तेथील हिशेब तिच्या हाती राहील. सरकारी खरेदीतील महिलांच्या तीन टक्क्यांचा उल्लेख वर आलाच आहे. आज अनेक जण बायकोच्या नावाने फर्म काढतात आणि बायकोला तिच्या चेकबुकाचा रंगही माहीत नसतो. त्याऐवजी घरातील शिकलेली मुलगी खरोखरच मालकीण का होऊ नये?

व्याजाचा प्रश्न

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात एक शंका असते, ती टाळणे योग्य नाही. फायनान्स म्हणजे व्याजाचा धंदा, मग आपण तो शिकावा कशाला? नोकरी कोणती जाइज आणि कोणती नाही हे सांगणे उलेमांचे काम आहे, आमचे नव्हे. आम्ही एवढेच म्हणतो की शिक्षण आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या अभ्यासक्रमात हिशेब, परिव्यय, लेखापरीक्षण, कर, खेळते भांडवल आणि भागीदारीची वाटणी हे विषय असतात. कारखान्याच्या हिशेब खात्यात, ऑडिटच्या कचेरीत, कर सल्लागाराच्या कामात त्यांचा उपयोग आहे. जकातीसाठी दुकानातील मालाची आणि येण्या-देण्याची नीट मोजदाद करायची तरी ताळेबंदच लागतो. मुंबई शेअर बाजाराने २०१० साली शरियतच्या कसोट्यांवर निवडलेल्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. कंपनीवर कर्ज किती, व्याजाचे उत्पन्न किती, हे ताळेबंद वाचूनच ठरविले जाते. म्हणजे ज्याला व्याज टाळायचे आहे त्याने तर ही विद्या आधी शिकली पाहिजे.

शिक्षणासाठी कर्ज काढण्याबाबतही आधी ठरवावे. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ अल्प व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. ते अल्प असले तरी व्याजच आहे. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी शिष्यवृत्ती आणि जमातीचे तालिमी फंड आधी पाहावेत. प्रवेश घेऊन पहिला हप्ता भरल्यानंतर दुसऱ्यासाठी दारोदार फिरण्यात मुलाचे वर्ष आणि बापाची अब्रू दोन्ही जातात.

अज्ञानाची किंमत

शिक्षणाचा खर्च आपल्याला दिसतो, अज्ञानाचा दिसत नाही. बंगळूरची आय.एम.ए. ही कंपनी २०१९ साली कोलमडली. हलाल गुंतवणूक म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांनी तिच्यात आयुष्याची बचत घातली होती. त्यांत शिंपी होते, रिक्षावाले होते, निवृत्त शिक्षक होते, मुलींच्या लग्नासाठी पैसा साठविणाऱ्या विधवा होत्या. फायनान्स शिकलेला एक मुलगा घरात असता तर त्याने तीन प्रश्न विचारले असते. ठेवी घेण्याची परवानगी कोणाची आहे? ताळेबंद कोठे आहे? धंद्यात चढउतार असताना दरमहा नफा न चुकता कसा येतो? त्याच वर्षी अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. परंतु कायदा चोर पळाल्यानंतर येतो, अक्कल आधी यावी लागते.

माहुलने आणखी एक गोष्ट पाहिली आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडल्यानंतर २०१७ पासून शहराच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येथील वसाहतीत आणून टाकली गेली. येथील हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१९ साली न्यायालयाने या कुटुंबांना येथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगून पर्यायी घर किंवा भाड्याची रक्कम देण्याचा आदेश दिला. घराबरोबर ज्यांची जुनी गिऱ्हाइके, उधारी आणि ओळख गेली त्यांना विचारा, दुकान ही किती नाजूक मिळकत आहे. जागा जाऊ शकते. हातातील कसब आणि डोक्यातील हिशेब एवढेच माणूस बरोबर घेऊन जाऊ शकतो. कसब आपण मुलांना देतच आलो आहोत. हिशेब द्यायचा राहिला आहे.

आमचे मत

थोडक्यात सांगायचे तर असे. बारावीनंतर दोन वर्षांत थांबण्याच्या इराद्याने प्रवेश घेऊ नये, पदवी पुरी करावी. हुशार मुलाने सी.ए.ची उमेदवारी आधी पाहावी, मग चांगल्या संस्थेतील एम.एम.एस. चालत्या धंद्यातील मुलाने गल्ल्यावर बसूनच एम.कॉम. करावे. मुलीला केंद्रीय फेरीतून जागा आणि फीमाफी मिळत असेल तर तिला घरी ठेवू नये. आणि पैसे भरून केवळ नावापुरती पदवी कोणीही घेऊ नये.

निर्णय करण्यापूर्वी बाप-लेकांनी एक संध्याकाळ एकत्र बसावे. समोर दुकानाची वही ठेवावी. मागील वर्षी किती माल घेतला, किती विकला, उधारी किती अडकली, हाती काय राहिले, हे मुलाला मांडावयास सांगावे. ज्याला हे मांडताना गोडी वाटेल, जो अडेल आणि पुन्हा पुन्हा विचारील, त्याने फायनान्स जरूर शिकावे. ज्याला कंटाळा येईल त्याच्यावर दोन वर्षे आणि चार लाख लादू नयेत. त्याचा हात कोणत्या कसबात चालतो ते पाहावे. या परीक्षेला फी नाही आणि सीईटीही नाही. प्रवेशाचे अर्ज निघण्यापूर्वी ती घरोघरी व्हावी, एवढीच आमची विनंती.